सांगलीत शब्दखेळांचा क्लब काढायचाय: स्क्रॅबल आणि मराठी सोंगट्या, दोन्ही

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली दर रविवारी दुपारी ४ ते ७ मिळणार आहे. दहा जण यायला तयार आहेत. पाच जणांना इंग्रजी स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द करायचा खेळ) खेळायचंय, पाच जणांना मराठीतच. माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावं:

१) पट, घड्याळं वगैरे साहित्य किती लागेल आणि घेताना काय बघायचं?
२) तीन तासांत किती डाव बसतात?
३) शब्द चालतो की नाही हे कुणी ठरवायचं? घरगुती खेळात भांडणं इथेच होतात.
४) मराठी सोंगट्यांचा मनासारखा संच मिळाला नाही. करून घेता येईल का? काना-मात्रा आणि जोडाक्षरांचं काय करायचं?
५) काही जण म्हणतात, आमचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, इंग्रजी स्क्रॅबल आम्हाला जमणार नाही. त्यांना काय सांगू?
६) संस्था म्हणून नोंदणी करायला हवी का?

तिहेरी_शब्द:

इंग्रजीच्या बाजूचं सांगतो. मराठी संचाबद्दल सोंगटीकार लिहितीलच.

पाच जणांना एका वेळी दोनच पट लागतात, पण संच तीन घ्या. एक सोंगटी हरवली की तो संच बाद होतो, आणि पंख्याखाली, टेबलाच्या फटीत, पिशवीच्या शिवणीत सोंगट्या हरवतातच. जमलं तर तिन्ही संच वेगवेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे एकातली सोंगटी दुसऱ्यात मिसळली तर लगेच दिसते. डाव सुरू करण्याआधी १०० सोंगट्या पटावर २५-२५च्या चार चौकोनांत मांडून मोजायच्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते टाळलं की शेवटच्या चालीला पिशवीत ९९च निघाल्या म्हणून अख्खा डाव वादात जातो.

सोंगटीवरून बोट फिरवून बघा. अक्षर कोरलेलं असेल तर पिशवीत हात घालून कोरी सोंगटी चाचपून काढता येते. कोरी म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी, संचातली सगळ्यात मोलाची सोंगटी, म्हणून हा मुद्दा बारीक नाही. स्पर्धांमध्ये गुळगुळीत छपाईच्या सोंगट्या असतात. तुमच्याकडे कोरलेल्या असतील तर एवढा नियम पाळा: पिशवी डोळ्यांच्या उंचीवर धरायची, आपलं तोंड दुसरीकडे करायचं, आणि सोंगट्या काढून झाल्या की हात पुन्हा आत जाणार नाही. पिशवी जाड, गडद कापडाची, साधारण २० बाय २५ सेंमी शिवून घ्या. तोंड अरुंद ठेवलं तर हात अडकून शिवण उसवते.

घडीचा साधा पट चालेल, पण त्याच्या घड्या नीट बसत नाहीत आणि कोपर लागलं की सगळे शब्द सरकतात. खाली टेबलभर जाड सुती चादर घाला. पट घसरत नाही आणि सोंगट्यांचा आवाजही कमी होतो. खाली वाचनकक्ष असेल तर आवाजाची काळजी पहिल्या रविवारपासून घ्या, नाहीतर खोली जाईल.

घड्याळाशिवाय क्लब चालवू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. घड्याळ नसलं की एक जण आठ-आठ मिनिटं विचार करतो, समोरचा कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही. प्रत्येकी २५ मिनिटं, हे स्पर्धेचं माप आहे. वेळ संपली तरी डाव थांबत नाही. वर गेलेल्या प्रत्येक मिनिटाला, अर्धवट मिनिटालासुद्धा, १० गुण वजा होतात. अडचण अशी की बुद्धिबळाची बरीच घड्याळं शून्यावर थांबतात, त्यामुळे किती मिनिटं जास्त गेली ते कळत नाही. मग घड्याळ ३५ मिनिटांना लावा आणि १०च्या खाली गेलेली वेळ जादा धरा. फोनवरची ॲपही चालतात, फक्त फोन एरोप्लेन मोडवर ठेवायचा. डावाच्या मध्ये व्हॉट्सॲप वाजलेलं कुणालाच आवडत नाही.

२५ अधिक २५ म्हणजे ५० मिनिटं, शिवाय मांडणी, गुणांची बेरीज, थोडी चर्चा. एका डावाला सव्वा तास धरा. ४ ते ७ मध्ये दोन डाव आणि मध्ये चहा आरामात होतो. तीन डाव कोंबले तर शेवटचा घाईत होतो आणि खोलीला कुलूप लावायला आलेला माणूस दारात उभा राहतो.

आता शब्दांचा निवाडा. उत्तर अमेरिका सोडली तर बहुतेक ठिकाणी इंग्रजी स्क्रॅबल स्पर्धांत कॉलिन्स शब्दकोशाची शब्दयादी चालते. भारतातही तीच घ्या. यादीत आहे तो शब्द चालतो, नाही तो चालत नाही. 'पण हा शब्द पेपरात येतो' हा मुद्दाच नाही. चॅलेंज म्हणजे समोरच्याच्या शब्दाला हरकत घेऊन तो तपासायला लावणं. त्याचा नियम पहिल्या दिवशी कागदावर लिहून भिंतीवर लावा. चुकीचं चॅलेंज करणाऱ्याची पाळी जाते, हा कडक नियम नवख्यांना मारक आहे: जुना खेळाडू बेधडक खोटा शब्द लावतो आणि नवखा पाळी जाईल या भीतीनं गप्प बसतो. उलट चॅलेंज फुकट ठेवलं तर प्रत्येक शब्द तपासायला जातो आणि डाव रेंगाळतो. म्हणून मधला नियम घ्या: चुकीच्या चॅलेंजला शब्दामागे ५ गुण दंड. चॅलेंज झालं की घड्याळ थांबवायचं, शब्द चिठ्ठीवर लिहायचे, आणि बघणाऱ्यानं 'चाल योग्य' किंवा 'चाल अयोग्य' एवढंच सांगायचं. तीन शब्दांपैकी कोणता चुकला ते सांगायचं नाही, अर्थही वाचायचा नाही.

तुमचा पाचवा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडचे स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्स २००७ साली मुंबईत झालेली जागतिक स्पर्धा जिंकले. त्याच माणसानं २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. यादी पाठ होती. स्क्रॅबलला इंग्रजी संभाषण लागत नाही, शब्दांची यादी आणि जागेचं भान लागतं. २०१९च्या सुधारणेनंतर कॉलिन्सच्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ झाले. ते एका पानावर छापा आणि पहिले दोन महिने प्रत्येकाला डावात समोर ठेवू द्या. या एका पानानं नवख्याचे गुण जितके वाढतात तितके जाड शब्दकोशानं वाढत नाहीत, कारण दोन अक्षरी शब्द येत असले की दुसऱ्या शब्दाला चिकटून समांतर शब्द लावता येतो आणि एका चालीत तीन-चार शब्दांचे गुण मिळतात. शिवाय आपल्या घरातले शब्द यादीत आहेत: रोटी, घी, रायता, धोती, साडी, लाख, करोड, पकोडा, कव्वाली. फक्त स्पेलिंग यादीतलं हवं. उदाहरणार्थ कव्वाली क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, म्हणजे यू नसताना क्यू खपतो, आणि हातातल्या सातही सोंगट्या एका चालीत गेल्या म्हणून वर ५० गुण.

सोंगटीकार:

मराठी संच करून घेता येतो. पण फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी एक गोष्ट ठरवा: एका घरात काय बसणार? संचाचे सगळे नियम त्यावरून निघतात.

वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात एका चौकोनात पूर्ण अक्षर बसतं, 'पुस्तक'ला तीन घरं: पु, स्त, क. सोंगट्यांना हे जमत नाही, कारण प्रत्येक बाराखडीच्या आणि जोडाक्षराच्या सोंगट्या करायच्या तर शेकड्यांनी लागतील. म्हणून सोंगटीवर फक्त व्यंजन छापायचं आणि प्रत्येक व्यंजनाला स्वतःचं घर द्यायचं. 'पुस्तक' मग चार घरांचा: प, स, त, क. 'विद्यार्थी' पाच घरांचा, 'स्वातंत्र्य' सहा घरांचा. अनुस्वाराला घर नाही. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र सोंगटी. सगळ्या स्वरांना मिळून एकच 'अ'.

काना-मात्रा मोकळी सोडली तर खेळ पातळ होतो. 'क' आणि 'ल' या दोन सोंगट्यांचे काल, कला, कली, केला, कूल असं काहीही सांगता येतं. दोन व्यंजनांचा काही ना काही शब्द होतोच, मग चॅलेंजला अर्थ उरत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे मात्रा सोंगटीवरच लिहायची. पांढऱ्या ॲक्रिलिकची सोंगटी घ्या, अक्षर मध्यावर थोडं लहान छापा, वर-खाली-बाजूला जागा सोडा. खेळणारा शब्द लावताना व्हाइटबोर्ड मार्करनं काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्ताचा पाय (अक्षर अर्धं असल्याची खूण) काढतो. डाव संपला की कोरड्या फडक्यानं पुसायचं. हे त्याच दिवशी करा. शाई आठवडाभर राहिली तर डाग धरते आणि मग स्पिरिटनं घासावं लागतं, त्यात छपाईही झिजते. स्वराच्या सोंगटीवर सावरकरांच्या लिपिशुद्धीतल्या अि, अी, अु, अू यांसारखं चिन्ह जोडायचं. जुनी पुस्तकं वाचलेल्यांना ते ओळखीचं वाटतं, मुलंही दोन मिनिटांत शिकतात.

आता छेद, म्हणजे पटावरच्या शब्दातलं अक्षर घेऊन दुसरा शब्द लावणं. पटावर 'पाणी' आहे. त्यातल्या 'पा'वरून उभा 'पाऊस' लागतो, 'चौपाटी' लागतो. 'पुस्तक' लागत नाही, कारण पला काना आधीच मिळालेला आहे. एकदा लिहिलेली मात्रा डावभर कायम. 'पुस्तक'मधला पाय मोडका स् वापरायचा असेल तर 'रस्ता', 'मस्त' असे शब्द शोधावे लागतात. मराठी खेळाची खरी गोडी इथे आहे, ती सोडू नका.

संच १०० सोंगट्यांचा:

र ७
अ, त, न, क, ल प्रत्येकी ६
स, व, म प्रत्येकी ५
प, य प्रत्येकी ४
द, ग, ण प्रत्येकी ३
ट, ड, ज, च, ब, ह, श, ळ प्रत्येकी २
भ, ख, ध, थ, घ, झ, ठ, फ, छ, ढ, ष, क्ष, ज्ञ प्रत्येकी १
कोऱ्या २

गुण: पहिल्या तीन ओळींना १, प, य, द, ग यांना २, ण आणि दोन-दोनवाल्यांना ३, भ, ख, ध, थ यांना ५, घ, झ, ठ, फ, छ यांना ८, ढ, ष, क्ष, ज्ञ यांना १०.

ही वाटणी बदलावीशी वाटली तर बातम्या मोजून बदलू नका. वाक्यांत आहे, होते, हा, ही यांमुळे ह फुगतो आणि प्रत्ययांमुळे त, च, ल फुगतात. शब्दकोशातल्या मूळ शब्दांवरून मोजा. ण आणि ळ मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, हातात अडकून बसतात, म्हणून ळ दोनच. ण तीन, कारण क्रियापदाचं 'णे' रूप त्याच्यावर अवलंबून आहे.

विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं बंद ठेवा. 'घरात', 'घराला', 'घरापुढे' चालू केलं तर प्रत्येक नामाला शेपूट लावून गुण घेता येतात आणि नवा शब्द सुचायची गरजच राहत नाही. क्रियापद 'करणे' किंवा नुसता धातू 'कर', एवढंच. अनेकवचन चालू द्या.

मराठी शब्द बहुतेक दोन ते चार व्यंजनांचे, त्यामुळे सात सोंगट्या एकदम जाणं दुर्मीळ. ५० गुणांचं बक्षीस फक्त सातला ठेवलं तर ते कधीच मिळत नाही आणि पटाच्या मध्यभागी आखूड शब्दांची गर्दी होते. पाच सोंगट्यांना १५, सहांना ३०, सातांना ५० ठेवा. दोन घरांच्या शब्दाला पटावरच्या रंगीत (गुण दुप्पट-तिप्पट करणाऱ्या) घरांचा फायदा देऊ नका. चाली जास्त होतात आणि मात्रा लिहायला वेळ लागतो, म्हणून घड्याळ प्रत्येकी ३० मिनिटं.

मापं: सोंगटी २० मिमी चौरस, ४ मिमी जाड. ३ मिमीची हातातल्या सोंगट्या मांडायच्या पट्टीवर उभी राहत नाही, कलंडते. लेझर कटिंगवाल्याला कडा घासून द्यायला सांगा. पटाचं घर २२ मिमी, म्हणजे १५ घरांचे ३३ सेंमी, कडा धरून ३६ सेंमी. पट फ्लेक्सवर छापून प्लायवर चिकटवा, पण मॅट फ्लेक्स मागा. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि समोरच्याला पट वाचता येत नाही.

कोश एकच ठरवा. मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मोठे आहेत, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधताही येतात, पण मोल्सवर्थमध्ये 'करणें' असं जुनं लेखन आहे. तुमच्या खेळात मात्रा आणि अनुस्वार लिहायचे असल्यानं हे अडचणीचं ठरेल. अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश टेबलावर ठेवा. लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचेच: १९६२चे १४ आणि १९७२चे ४. वाद बहुतेक ऱ्हस्व-दीर्घावर होतील. फूल, मूल, विहीर, गरीब यांत उपान्त्य (शेवटून दुसरं अक्षर) दीर्घ, पण गुण, विष, मधुर, मंदिर तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) म्हणून ऱ्हस्व. शब्दाचा शेवट दीर्घ, मात्र आणि, नि, परंतु, तथापि ऱ्हस्व. हा चतकोर कागद प्रत्येक टेबलावर चिकटवा, निम्मे वाद तिथेच मिटतील.

कोशात नाही पण सगळे वापरतात अशा शब्दांसाठी एक पुरवणी वही ठेवा. डाव चालू असताना कोशाचंच ऐकायचं. डाव संपल्यावर शब्द वहीत लिहायचा, महिनाअखेरीस सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं, आणि तो पुढच्या महिन्यापासून चालायला लागतो. मागच्या डावाचे गुण बदलत नाहीत.

रविवारची_कोडी:

सोंगटीकारांचं सगळं पटतं, फक्त एक भर. संच कापून, छापून यायला तीन-चार आठवडे जातील. तोवर मराठीवाले पाच जण रिकामे बसवू नका, नाहीतर ते संच येईपर्यंत गळतील. पहिल्या रविवारपासून शब्दकोडं ठेवा: स्वतः बनवलेलं ७ बाय ७चं कोडं, सगळ्यांना एकच प्रत, २० मिनिटं, बरोबर अक्षराला एक गुण. कोडं करताना आधी लांब आडवे शब्द बसवा आणि जोडाक्षरं छेदाच्या घरात येऊ देऊ नका. 'स्त' किंवा 'र्थ' छेदात आलं की त्याला उभा शब्द सहज मिळत नाही आणि कोडं करणारा तिथेच अडतो.

दुसरं कोडं अक्षरजुळणीचं: 'सू र्य फू ल' अशी अक्षरं उलटसुलट देऊन ९० सेकंदांत शब्द करायचा. दहा शब्द, दर बैठकीला अवघड होत जाणारे. याला फळा आणि खडू पुरतो.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. मुलं आली तर पहिला महिना मात्रा मोकळी ठेवून खेळवा. मार्करनं वेलांटी पहिली की दुसरी या भीतीनं सातवी-आठवीतली मुलं शब्दच लावत नाहीत. महिन्याभरानं मार्कर हातात द्या.

नोंदणी आत्ता नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो. दरवर्षीचे हिशोब, फेरफार अर्ज हे सगळं मागे लागतं. देणगी घ्यायची किंवा मोठी स्पर्धा भरवायची वेळ आली तर बघा. तोवर दर बैठकीला ३० ते ५० रुपये, जमाखर्चाची वही, आणि महिन्यातून एकदा तो हिशोब गटावर टाकायचा.

कृष्णाकाठ:

मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक अडचण: दोन्हीकडे पाच-पाच जण, म्हणजे दोन्हीकडे विषम. एक जण बसून राहणार. त्याचं काय करायचं?

तिहेरी_शब्द:

बसणारा माणूस त्या फेरीचा निवाडा करेल. कोश आणि यादी त्याच्याच हातात, दुसऱ्या कुणी बघायची नाही. खेळणाऱ्यांनी स्वतः पुस्तक उघडलं की शेजारचे चार शब्दही नजरेखालून जातात, ते यानं टळतं. बसलेल्याला त्या फेरीचा विजय आणि अधिक ५० गुणफरक द्या, म्हणजे तक्त्यात तो मागे पडत नाही.

जोड्या अशा लावा. पाच नावं आणि सहावं 'विश्रांती'. दोन ओळी: वर १, २, ३, खाली ६, ५, ४. समोरासमोरचे खेळतात: १-६, २-५, ३-४. पुढच्या फेरीला १ जागेवर ठेवून बाकीचे एकेक घर घड्याळाच्या दिशेनं सरकवा: वर १, ६, २, खाली ५, ४, ३. आता १-५, ६-४, २-३. पाच फेऱ्यांत प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो आणि एकदा बसतो. रविवारी दोन फेऱ्या, म्हणजे तिसऱ्या रविवारच्या पहिल्या डावात साखळी पूर्ण. त्या दिवशीच्या दुसऱ्या डावात तक्त्यातला पहिला आणि दुसरा, तिसरा आणि चौथा अशा जोड्या लावा आणि पाचव्याला निवाड्याला बसवा. बरोबरी झाली तर गुणफरक बघायचा, म्हणून दोघांनीही गुण लिहायचे आणि दर चालीला बेरीज मोठ्यानं म्हणायची. एकानंच लिहिलं तर सातव्या-आठव्या चालीला कुठेतरी दहाचा घोळ होतो आणि तो शेवटी सापडत नाही.

कुणी आजारी पडून एकीकडे चारच आले तर विश्रांती काढून टाका, त्या दिवशी दोन पट भरलेले. मग कोश बघायला मराठीकडचा बसलेला माणूस बोलवा, आणि मराठीकडे चार असतील तर इंग्रजीकडचा. बघणाऱ्याला भाषा उत्तम यायची गरज नाही, चिठ्ठीवरचा शब्द अक्षर न् अक्षर यादीत आहे की नाही एवढंच बघायचंय.